जुन्या गाडीचा कार्बोरेटर कशाने धुवावा? थिनर, ॲसिटोन की स्प्रे?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. वडिलांची हिरो होंडा सीडी १०० एसएस पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. मळ्यातल्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. टाकी आतून साफ करून घेतली, कॉक नवा टाकला, प्लगला ठिणगी चांगली आहे. चोक ओढला की गाडी सुरू होते, चोक सोडला की लगेच बंद.

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडला तर खालच्या वाटीत तपकिरी चिकट थर आणि एका कडेला पांढरी भुकटी. बारीक जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकातून उजेडच दिसत नाही. गावातला मिस्तरी म्हणतो, रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेव. दुसरा म्हणतो, ऑनलाइन स्वस्तातला नवा कार्ब मागव आणि मोकळा हो. मला मूळचाच ठेवायचा आहे. जळगाव-पाचोऱ्याकडे सहज मिळेल असं काहीतरी सांगा.

केळीचं_पान (रावेर)

रॉकेल शे ना भो! आमच्या आबांनी राजदूत, एम-८०, शेतातलं डिझेल इंजिन, सगळं रॉकेलनेच धुतलं. ब्रश मारायचा, फडक्याने पुसायचं, झालं काम.

जुनी_फटफटी (धुळे)

रावेरकर भाऊ, रॉकेलने ग्रीस, धूळ, ऑईल निघतं, म्हणून बाहेरचा मळ काढायला ते उत्तम. पण गिरणाकाठ भाऊंच्या वाटीतला तपकिरी थर म्हणजे मळ नाही. पेट्रोल हवेशी लागून वर्षानुवर्षं आटलं की त्याचा डिंक होतो आणि पुढे तो व्हार्निशसारखा कडक होतो. रॉकेल आणि डिझेल त्याला नुसतं ओलं करतात. पेट्रोलचंही तेच. ताजा डिंक पेट्रोलने सुटतो, जुना कडक झालेला नाही. रात्रभर काय, आठवडाभर बुडवा. आणि रेशनचं निळं रॉकेल आता दिसतं तरी कुठे?

डिंकाला थिनर लागतो. इथे एक घोळ होतो तो आधी सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "थिनर द्या" म्हटलं की बऱ्याचदा ऑईलपेंटमध्ये घालायचा थिनर नाहीतर टर्पेंटाइन हातात ठेवतात. ते रॉकेलचंच चुलतभावंड, आपल्या कामाचं नाही. "एनसी थिनर" (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) असं नाव घेऊन मागा. गाड्यांना ड्युको रंग मारणारे पेंटर वापरतात तो. पाचोऱ्यात कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारा, दुकान तोच दाखवेल. ॲसिटोन मिळालं तर तेही चालतं, पण नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटल्या आणू नका. त्यात पाणी, तेल, रंग, सुगंध असतो आणि काहींत ॲसिटोन नसतंच.

स्प्रेबद्दल माझं मत: कार्ब क्लीनरच्या डब्यात बहुतेक वेळा ॲसिटोन, टोल्युइन, झायलिन असलीच मंडळी असतात, म्हणजे थिनरचीच जात. पैसे जातात ते नळीचे आणि दाबाचे. आतल्या वाटा धुवायला नळी हवीच, तेव्हा एक डबा घ्या. पण भिजवायचं काम थिनरवर सोपवा. नाहीतर अर्धा डबा वाटीवर फवारण्यातच संपतो. गंज सोडवायचा निळा-पिवळा स्प्रे घरोघरी असतो, तो या कामाचा नाही. अडकलेल्या स्क्रूवर मारा, डिंकावर नको.

भिजवण्याआधी सगळं रबर आणि प्लास्टिक बाहेर काढा: फ्लोट (वाटीत तरंगणारा तुकडा), फ्लोटची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई), ओ-रिंगा, वाटीचं गॅस्केट. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवून आटे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग निघायला हवी. ती ओ-रिंग हमखास भोकातच राहते, कुणाच्या ध्यानात येत नाही आणि थिनरमध्ये फुगून बसते. वाकडी सुई लावून काढा.

नवा कार्ब नका घेऊ. स्वस्तातल्या कार्बच्या जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच असतं. मूळचा बॉडीतून फुटलेला नाही ना? मग तोच नीट होईल.

गिरणाकाठ (भडगाव)

धन्यवाद दादा. एनसी थिनरचं माहीत नव्हतं, घरात ऑईलपेंटचाच डबा आहे. पण पांढऱ्या भुकटीचं काय? ती थिनरने जाईल का? एक पाहुणे म्हणाले संडास साफ करायचं ॲसिड लाव, दोन मिनिटांत चकाचक.

मूलद्रव्य (अमळनेर)

ते ॲसिड अजिबात लावू नका. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असते. संडासाचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते भुकटी खाईल आणि थांबणार नाही, पुढे बॉडीही खाईल. चकाचक दिसेल हे खरं, पण स्लाइड (हवेची वाट उघडायला वरखाली होणारा दट्ट्या) बसते ती जागा खडबडीत होईल आणि आतल्या वाटा रुंदावतील. कॉस्टिक सोडा त्याहून वाईट, ॲल्युमिनियमवर पडला की फसफसून हायड्रोजन सुटतो.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो. आत दोन वेगळ्या गोष्टी साचल्या आहेत. तपकिरी आहे तो डिंक, सेंद्रिय पदार्थ. तो सेंद्रिय द्रावकात, म्हणजे थिनर किंवा ॲसिटोनमध्ये विरघळतो. पांढरी भुकटी आहे ती धातूची ऑक्साइडं, क्षार. पितळेच्या जेटवर हिरवट दिसत असेल तर तेही याच जातीचं. पाण्याने झालेली ही घाण आहे आणि ती कुठल्याही थिनरमध्ये विरघळणार नाही, कितीही उंची आणा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन वाटीच्या तळाशी बसतं. म्हणून उभ्या गाड्यांत हा पांढरा प्रकार आणखी दिसेल.

भुकटीला सौम्य आम्ल हवं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात एक-दोन चमचे. आधी थिनरने डिंक पूर्ण काढा. डिंकाखाली झाकलेल्या भुकटीपर्यंत आम्ल पोचत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका. मग बॉडी या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, समोर बसून, मऊ ब्रश फिरवत. बुडबुडे जोरात यायला लागले की लगेच बाहेर. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, साध्या पाण्याने धुवा, हवा मारून लगेच कोरडी करा. पितळेचे जेट आम्लात जास्त राहिले तर गुलाबी पडतात, वरचं जस्त निघून तांबं उरतं. जेट थिनरनेच धुवा.

रबराचं फटफटी भाऊंनी सांगितलं, त्यात भर. नीडलच्या टोकाला काळं रबर असतं, पुष्कळदा व्हिटॉन जातीचं. व्हिटॉन पेट्रोलला पुरून उरतं, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण ॲसिटोनमध्ये तेच फुगतं, आणि मग कार्ब ओव्हरफ्लो होत राहतो.

आता आगीचं. ॲसिटोनचा भडका उडायला उन्हाळा लागत नाही, शून्याखाली वीस अंशांनाही त्याची वाफ पेट घेते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत जाते. शेडमध्ये कूलर असेल तर त्याच्या बटणाची ठिणगी पुरते. उघड्यावर, सावलीत, सकाळी करा, बिडी-सिगारेट लांब. भांडं स्टीलचं, झाकणाचं घ्या, नाहीतर दुपारपर्यंत निम्मं ॲसिटोन उडून जाईल. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत साठवू नका. वापरलेला थिनर गटारीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात ठेवला की गाळ खाली बसतो, वरचा पुढच्या वेळी पहिल्या हाताला चालतो.

केळीचं_पान (रावेर)

मास्तर, तास झाला की हो पूर्ण 😀 पण रॉकेलवाले आम्ही अजून जिवंत आहोत. बाहेरून धुवायला तरी राहू द्या.

सुवर्णनगरी (जळगाव)

सराफ बाजारात दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक मशीन असतं ते पाहिलंय का? चष्म्याच्या दुकानातही छोटं असतं. पाण्यात बारीक कंप सोडतं, फुगे फुटतात आणि कोपऱ्यातली घाण उडते. ओळखीच्या सोनाराला विनंती करा, जेट त्यात आरामात मावतात. गरम पाणी पन्नास-साठ अंश आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब, बस. थिनर किंवा पेट्रोल त्यात ओतू नका, मशीन पाण्यासाठीच आहे. सोनाराकडे नेण्याआधी जेट थिनरने धुवून न्या. पेट्रोलच्या वासाचं पितळ कोण हातात घेईल?

बॉडी मावेल असं मोठं मशीन जळगावात गाड्यांची कामं करणाऱ्या एक-दोघांकडे असेल, चौकशी करून बघा. आतल्या आडव्या-तिडव्या वाटांसाठी त्याच्यासारखं काही नाही, थिनरसुद्धा नाही.

जुनी_फटफटी (धुळे)

सोनाराची आयडिया आवडली. मास्तरांचा क्रमही बरोबर.

गिरणाकाठ भाऊ, तुमचं खरं दुखणं पायलट जेटमध्ये, म्हणजे त्या बारीक जेटमध्ये, आहे. चोक ओढल्यावर हवा कमी होते, म्हणून गाडी कशीबशी चालते. चोक सोडला की स्लोला पेट्रोल यायला हवं ते पायलटमधून, आणि तो बंद आहे. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ३५ असेल तर ०.३५ मिमी. इतक्या बारीक भोकात शिलाईची सुई, ड्रिल किंवा सायकलच्या तारेचा तुकडा घातला की भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. लवचीक वायर सोला, आतला तांब्याचा एकच धागा घ्या. पितळेपेक्षा तांबं मऊ, जेटला इजा करत नाही. आधी थिनरमध्ये भिजू द्या, मग धागा, जोर नाही.

काही कार्बमध्ये पायलट जेट दाबून बसवलेला असतो, पेचकसाची खाचच नसते. तो उपटायचा प्रयत्न नको. स्प्रेची नळी लावून दोन्ही बाजूंनी मारा. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, कारण या भोकातून मारलेला स्प्रे त्या भोकातून सरळ डोळ्यात येतो. प्रत्येक वाटेचं दुसरं तोंड कुठे आहे ते बघा आणि तिथून धार बाहेर येते का तपासा. इंजिनाच्या बाजूला, स्लाइडच्या पुढे, घशात अगदी बारीक भोकं असतात. ती राहून गेली तर बाकी सगळं करून उपयोग नाही. शेवटी पंक्चरवाल्याकडे जाऊन कॉम्प्रेसरची हवा मारा. फ्लोट लावलेला असताना हवा मारू नका.

बसवताना रिपेअर किटमधल्या ओ-रिंगा आणि गॅस्केट नवे टाका. किटमधले जेट मात्र तसेच राहू द्या, मूळचा पितळी जेट धुतलेला चांगला. पेट्रोलच्या नळीत फिल्टर घाला, जुन्या टाकीत गंजाचे कण राहतातच.

गिरणाकाठ (भडगाव)

माझ्या जेटवर ३५ च आहे, भिंगातून वाचलं. खाचही आहे, पण कुणीतरी आधी वेड्यावाकड्या पेचकसाने खाल्लेली. रविवारी पाचोऱ्याला थिनर आणायला जातो.

जुनी_फटफटी (धुळे)

खाच खाल्ली असेल तर आधी रात्रभर थिनर. मग खाचेत घट्ट बसेल इतक्या रुंद पात्याचा पेचकस, आणि फिरवताना खाली दाब. तरीही हलला नाही तर बॉडी उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. मात्र आधी थिनरचा वास पूर्ण उडू द्या आणि गॅस बंद करून पाणी बाहेर आणा. बॉडी पितळेपेक्षा जास्त फुगते, पकड सैल होते.

आदिवासी_पट्टा (नंदुरबार)

मधेच विचारतो. माझी जुनी पल्सर आहे, कार्बच्या वर काळं रबरी पडद्यासारखं झाकण निघतं. त्यालाही थिनर चालेल का? धूळ आणि तेल बसलंय.

मूलद्रव्य (अमळनेर)

नाही. तो डायफ्राम आहे, स्लाइड तोच उचलतो. थिनर, ॲसिटोन, कार्ब स्प्रे, यातलं काहीही त्याला लागू देऊ नका. लगेच फुगतो, आणि मग कडेच्या खाचेत बसत नाही. कोमट पाणी आणि साबण, बोटांनी हळू धुवा, सावलीत वाळवा, मग उजेडासमोर धरून चीर किंवा बारीक भोक आहे का बघा. भोक असेल तर चिकटवत बसू नका, बदला. आणि स्प्रे चुकून लागून फुगलाच असेल तर फेकण्याआधी एक-दोन दिवस उघड्या हवेत ठेवा. द्रावक उडून गेला की पुष्कळदा मूळ मापावर येतो.