घरून स्टायलिस्टचे काम: चार वर्षांनंतर बढतीची वाट दिसत नाही, सल्ला हवा आहे

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि गेली चार वर्षे कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीसाठी घरून स्टायलिस्ट म्हणून काम करते. ग्राहकाची मापे, आवडनिवड आणि बजेट पाहून एका बॉक्ससाठी पाच कपडे निवडायचे, सोबत चार ओळींची चिठ्ठी लिहायची. त्यांतले किती कपडे ग्राहकाने ठेवले आणि किती परत आले, यावर आमचे मूल्यमापन होते. पैसे बॉक्समागे मिळतात, तेही टीडीएस कापून, पीएफ नाही.

कामाचा कंटाळा आलेला नाही. अडचण अशी की ‘सीनियर स्टायलिस्ट’ ही एकच पायरी आहे आणि ती मी दीड वर्षापूर्वी चढले. त्यानंतर नवख्यांच्या चिठ्ठ्या तपासण्याचे काम तेवढे, विनामोबदला, वाढले. कोणता माल घ्यायचा हे ठरवणारी बाइंगची माणसे बंगळुरूच्या ऑफिसात बसतात आणि तिथली जागा भरल्याचे आम्हाला अभिनंदनाच्या ईमेलवरूनच कळते.

गेल्या वर्षी जानेवारीत मी पुण्या-नाशिकच्या ग्राहकांसाठी काळ्या साड्या आणि कुर्ते निवडले, तेव्हा ‘सणासाठी काळा रंग चालत नाही’ असे म्हणून सिस्टिमने ते अडवले. संक्रांतीला आपल्याकडे मुद्दाम काळे नेसतात, हे मी लगेच लेखी कळवले. उत्तर आले तोवर रथसप्तमीही होऊन गेली होती. यंदा साइटवर संक्रांतीसाठी काळ्या कपड्यांचा स्वतंत्र विभाग होता, माझ्या मूल्यमापनात मात्र त्याचा उल्लेखही नाही.

मुलगी तिसरीत आहे आणि नवऱ्याचे ऑफिस हिंजवडीत, त्यामुळे पुणे सोडणे शक्य नाही. लग्नाच्या बस्त्यासाठी सल्ला देण्याचे काम स्वतंत्रपणे सुरू कर, असे घरचे सुचवतात. पण लक्ष्मी रस्त्यावर बस्ता बांधायला निघालेल्या दहाजणांत एक जाणकार आत्या असतेच, मग माझ्या सल्ल्याचे वेगळे पैसे कोण देईल, अशी मला शंका आहे.

स्टायलिंगमधून बाइंग किंवा मर्चंडायझिंगमध्ये (म्हणजे माल कसा मांडायचा आणि विकायचा हे ठरवण्याच्या कामात), शक्यतो पुण्यात राहून, कोणी गेले आहे का? मुलाखतीत तुम्हाला कशाचा उपयोग झाला: एखाद्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राचा, की परत न आलेल्या कपड्यांच्या आकड्यांचा? हे आकडे मला फक्त कंपनीच्या डॅशबोर्डवर दिसतात आणि करारात गोपनीयतेची अट आहे. तेव्हा ते बाहेर कितपत सांगता येतात, हेही कृपया कळवावे.