काळ्या मातीच्या पांदणीसाठी थारला मोठे टायर घ्यावेत का, आणि घेतल्यास क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बदलावे लागेल का?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुन्या पिढीची थार सीआरडीई (डिझेल) आहे. तिला कंपनीच्या मापाचे 235/70 आर16 टायर असून ते आता पार गुळगुळीत झाले आहेत. आमच्या शेतापर्यंतचे शेवटचे अडीच किलोमीटर पांदणीचे आहेत आणि पावसाळ्यात तिथे काळ्या मातीशिवाय दुसरे काही नसते. गेल्या ऑगस्टमध्ये गाडी नाल्याच्या अलीकडे बसली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका ठासून भरला होता की खुरप्याने कोरून काढल्याशिवाय चाक फिरेना, आणि शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधावा लागला. आमचे मिस्त्री म्हणतात की 265/75 आर16 टाका, म्हणजे गाडी उंच होईल आणि अडकणार नाही. परंतु मी महिन्यातून दोनदा पांढरकवड्यावरून महामार्ग 44 ने नागपूरलाही जातो. गाडीचा दम कमी होईल का? खर्च वाचवण्यासाठी तूर्तास मागचे दोनच टायर बदलले तर चालेल का?

हिंगणघाटचा मिस्त्री

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातच सर्वांत मोठे नुकसान आहे. या गाडीत फोर-व्हील जोडल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी पक्के बांधले जातात. मागची चाके मोठी आणि पुढची लहान असतील तर दोन्ही एक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि तो ताण ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी), क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि क्राऊन यांच्यावर येतो. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो, पण डांबरावर तो कुठेच जात नाही. म्हणून चारही टायर एकाच मापाचे घ्या, आणि स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

आता मापाचे बोलू. 235/70 आर16 चा व्यास सुमारे 735 मिलिमीटर येतो, 245/75 आर16 चा 774 आणि 265/75 आर16 चा 804. म्हणजे तुमच्या मिस्त्रींनी सांगितलेला टायर व्यासाने नऊ टक्क्यांहून थोडा अधिक मोठा आहे. समजा, तुमच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण 4 आहे, तर हा टायर लावल्यावर ते 3.66 असल्यासारखे वागेल. मूळ दम परत हवा असेल तर 4.37 च्या आसपासचा संच लागेल, आणि तो दोन्ही एक्सलमध्ये सारखाच बसवावा लागेल. एवढा खर्च टायरांपायी करण्यात मला अर्थ दिसत नाही. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 87 च्या पुढे धावत असेल, आणि पाचव्या गिअरमध्ये चढ लागला की तुम्हाला चौथा टाकावा लागेल. लोमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या संथ पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, मात्र ही घट फारशी जाणवणार नाही, कारण तिथे ट्रान्सफर केस आधीच जवळपास अडीच पट जोर देते. तुम्ही त्या दिवशी लो टाकला होता का?

घाटंजीकर

खरे सांगायचे तर नाही. फोर-हायमध्येच दुसऱ्या गिअरवर रेटत होतो, आणि क्लच प्लेटचा वास आल्यावर थांबलो.

धारणीकडचा

मी मेळघाटात राहतो आणि माझ्या थारला 245/75 आर16 आहेत. आमच्याकडे अडचण चिखलाची कमी आणि दगडांची जास्त असते. नाल्यातल्या धोंड्यांवर डिफरन्शियलचा गोळा घासायचा तो आता घासत नाही, जरी उंची जेमतेम 19 मिलिमीटरनेच वाढली आहे. दम पाच टक्क्यांनी घटला हे मान्य आहे, पण घाटात मला ते सहन होते. तेव्हा मोठा टायर सरसकट वाईट असे मी म्हणणार नाही. मात्र भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, आणि उत्पादकाने मान्य न केलेले माप लावण्यापूर्वी गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लक्षात घ्या.

दारव्ह्याचा शेतकरी

धारणीकडच्या भाऊंचे म्हणणे दगडांपुरते बरोबर आहे, पण काळ्या मातीचा न्याय वेगळा असतो. ही माती भिजली की फुगते आणि टायरच्या खाचांत बसून चाकाचा गोळा करते; मग नक्षी कितीही महागडी असली तरी जमिनीला लागते ती मातीच. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: चाक अडकले ते मडगार्डाला. टायर 265/75 चा केला तर चाकाभोवतीची जागा चहूबाजूंनी 34 मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ दोन बोटांनी, कमी होईल आणि चिखल आणखी लवकर ठासेल. त्यापेक्षा मूळ मापच ठेवून अंतरा-अंतराने मोठे गुटके असलेला बटण टायर घ्या. लो टाकून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर एकसारखी गती ठेवा, कारण चाक जरा वेगाने फिरले तरच ते आपल्या खाचांतली माती फेकते.

पांदणीच्या तोंडाशी हवा 18 ते 20 पौंडांवर आणा. ट्यूबलेसची हवा त्याहून फार खाली नेली तर वळणावर टायर रिमवरून सुटतो. डांबरावर चढण्यापूर्वी ती परत भरावीच लागते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा. शेतात शिरताना पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडांच्या) आणि तुरीच्या कापलेल्या खुंटांपासून सांभाळा. कमी हवेच्या टायरची बाजू त्यांनी फाटलेली मी स्वतःच्या गाडीवर पाहिली आहे. चाक बसलेच तर मात्र तीच पऱ्हाटी जुडीने चाकाखाली आडवी टाका. आणि मोठा पाऊस होऊन गेला असेल तर वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, गाडी डांबराच्या कडेलाच राहू द्यावी, हे आमच्या बैलगाडीवाल्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

घाटंजीकर

आज सकाळी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकाजवळची जागा मोजली, तर मागच्या बाजूला अवघी तीन बोटे निघाली. 265/75 चा विचार सोडला आहे. मूळ मापाचेच पाच टायर पाहतो. या मापात बटण टायर मिळाला नाही, तर उघड्या नक्षीचा ऑल टेरेन घेईन. क्लच प्लेट तपासायला गाडी सोमवारी देतो.