सर्व्हरची डिस्क १ एमबीलाच तुंबते, सीपीयू मात्र रिकामा

प्रश्न:
लिनक्स सर्व्हर, ८ कोअर, त्यावर मायएसक्यूएल डेटाबेस. हार्डवेअर रेड कंट्रोलरवर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) ४ साटा डिस्क, रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशी रचना). गेल्या आठवड्यापासून लोड ॲव्हरेज (चालू आणि वाट पाहणाऱ्या कामांची सरासरी संख्या) १४ च्या खाली येत नाही, सीपीयू मात्र बराचसा रिकामा. आयओस्टॅटमध्ये (डिस्कचं काम मोजणारं टूल) सेकंदाला ७० राइट, म्हणजे जेमतेम १ एमबी. डब्ल्यू-अवेट (एका राइटला लागणारा सरासरी वेळ) १९० मिलिसेकंद, क्यू (रांगेतल्या रिक्वेस्ट) १३, युटिल (डिस्क कामात असल्याचा वेळ) ९९ टक्के. ट्रॅफिक वाढलेलं नाही. डिस्क बदलायच्या का?

उत्तर १:
इतक्यात नको. एमबी बाजूला ठेवा, ऑपरेशन मोजा. ७२०० आरपीएमला अर्धा फेरा ४.२ मिलिसेकंदांचा, वर हेड सरकायला ८-९. म्हणजे एका डिस्कमागे सेकंदाला ७५-८० रँडम ऑपरेशन. रेड-५ मध्ये छोट्या राइटला चार ऑपरेशन लागतात: जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची. चार डिस्कचे ३०० भागिले ४, म्हणजे ७५. तुम्ही नेमके तिथेच अडकलाय.

लोड वाढतो कारण लिनक्स त्यात डी स्टेटमध्ये डिस्कची वाट पाहणारे थ्रेडही धरतो. युटिलवर मात्र फार विसंबू नका. निदान एक रिक्वेस्ट बाकी होती असा वेळ तेवढा तो सांगतो. ॲरे (एकत्र जोडलेल्या डिस्क) आणि एसएसडी एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतात. अवेट आणि क्यू बघा, तेही आयओस्टॅटचा पहिला रिपोर्ट सोडून; तो बूट झाल्यापासूनची सरासरी असतो.

उत्तर २:
हिशोब बरोबर, पण ही मर्यादा पहिल्यापासूनच होती. आठवड्यापूर्वीपर्यंत ती झाकली कशाने, हा खरा मुद्दा. मला कंट्रोलरच्या कॅशेच्या बॅटरीवर संशय आहे. बॅटरी गेली की बहुतेक कंट्रोलर आपोआप राइट-बॅक (राइट कॅशेत घेऊन लगेच 'झालं' सांगणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहिल्यावरच 'झालं' सांगणं) येतात आणि प्रत्येक एफसिंक (डेटा नक्की लिहा अशी मागणी) थेट डिस्कच्या तबकडीपर्यंत जातो. कंट्रोलरच्या टूलमध्ये बॅटरीची स्थिती आणि चालू कॅशे पॉलिसी बघा. ठरवलेली आणि चालू अशा दोन वेगळ्या दिसतात, चालू महत्त्वाची. सोबत स्मार्टसीटीएल या टूलने प्रत्येक डिस्कचे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) तपासा. एक डिस्क अडखळली तरी अख्खा ॲरे तिच्या चालीने चालतो, आणि आयओस्टॅटला तर ॲरे एकच डिस्क म्हणून दिसतो.

प्रश्नकर्ता:
बॅटरी फेल, चालू पॉलिसी राइट-थ्रू. पेंडिंग सेक्टर चारही डिस्कवर शून्य. नवी बॅटरी येईपर्यंत राइट-बॅक जबरदस्तीने चालू करू का?

उत्तर २:
अजिबात नको. वीज गेली तर कॅशेतले राइट जातील आणि फाइलसिस्टिमच मोडेल. त्यापेक्षा इनोडीबीची (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) फ्लश-लॉग-ॲट-कमिट सेटिंग (लॉग डिस्कवर कधी पक्का लिहायचा ते ठरवणारी) तात्पुरती २ करा: वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभरातले व्यवहार जाऊ शकतात, पण डेटाबेस सुसंगत राहतो. पैशांचे व्यवहार असतील तर तेही नको. बॅकअपसारखी जड कामं रात्री ढकला. बॅटरी बसवल्यावर ती चार्ज होईपर्यंत राइट-थ्रूच दिसेल.