सही वैध, तरीही प्ले स्टोअरच्या अ‍ॅपवर एपीके बसत नाही

प्रश्न

अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहे, अपलोड अ‍ॅप बंडलने (ज्यातून प्ले स्वतः एपीके बनवतं ती फाइल) होतं. त्याच कीस्टोअरने (सहीच्या की ठेवायची फाइल) ग्रेडल या बिल्ड टूलमधून रिलीज एपीके (फोनवर बसवायची फाइल) काढून टेस्टिंगला दिली. कोऱ्या फोनवर नीट बसते. स्टोअरचं अ‍ॅप आधीच असलेल्या फोनवर मात्र 'अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही' एवढंच येतं. एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं टूल) टाकली तर 'अपडेट इनकम्पॅटिबल, सह्या जुळत नाहीत'. व्हर्जन कोड स्टोअरपेक्षा एकने जास्त आहे, मिन एसडीके (अ‍ॅप चालेल अशी सर्वांत जुनी अँड्रॉइड पातळी) २४.

गोंधळ असा, की एपीकेसाइनर (एपीकेवर सही करणारं आणि तपासणारं टूल) व्हेरिफाय पास होतं, पण जावाच्या कीटूलच्या प्रिंटसर्टला तीच फाइल जार (जावाची झिप फाइल) म्हणून दिली तर ते म्हणतं ही साइन केलेली जारच नाही. खरं कोणाचं धरायचं? झिपअलाइन (एपीकेतल्या फाइल्स ठरावीक बाइट-सीमेवर बसवणारं टूल) साइन केल्यावर चालवलं होतं का, असंही एकाने विचारलं. त्याचा इथे संबंध आहे का?

प्रतिसाद १

दोघंही खरंच सांगतायत. कीटूलला फक्त व्ही-१ सही दिसते, म्हणजे जुनी जार पद्धत: मेटा-इन्फ फोल्डरमधल्या मॅनिफेस्ट, एसएफ आणि आरएसए फाइल्स. व्ही-२ अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे एपीआय २४ पासून आली. तुमचा मिन एसडीके २४ असल्यामुळे बिल्डने व्ही-१ टाकलीच नाही. ते बरंच आहे. २०१७ मधला जानस नावाचा दोष आठवत असेल: एपीकेच्या सुरुवातीला डेक्स (अ‍ॅपचा कोड असलेली) फाइल चिकटवली तरी व्ही-१ सही वैधच ठरायची. व्ही-१ झिपमधल्या फाइल्स एकेक करून तपासते, व्ही-२ अख्खी एपीके १ एमबीच्या तुकड्यांनी हॅश करते. ती सही झिपच्या नोंदी आणि शेवटची सेंट्रल डिरेक्टरी यांच्या मधल्या ब्लॉकमध्ये असते, त्यामुळे मेटा-इन्फमध्ये शोधून काही मिळणार नाही. कीटूलचं उत्तर सोडून द्या.

तुमची मूळ अडचण वेगळी आहे. व्हेरिफाय पास म्हणजे सही झाल्यावर फाइलला कोणी हात लावलेला नाही, बस. सही कोणाची, हे ते तपासत नाही. फोन मात्र अपडेटच्या वेळी नेमकं तेच बघतो. व्हेरिफायला प्रिंट-सर्ट्स हा पर्याय लावा आणि सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ ठसा प्ले कन्सोलच्या अ‍ॅप साइनिंग पानाशी ताडून बघा. त्या पानावर दोन सर्टिफिकेटं दिसतील: तुम्ही बंडल चढवताना वापरता ती 'अपलोड की', आणि प्ले फोनवर जाणारी एपीके ज्या कीने नव्याने साइन करतं ती 'अ‍ॅप साइनिंग की'. तुमचा ठसा 'अपलोड की'खाली सापडेल अशी माझी पैज.

प्रतिसाद २

झिपअलाइनबद्दल: एपीकेसाइनर वापरत असाल तर आधी झिपअलाइन, मग सही. उलट केलंत तर झिप पुन्हा लिहिली जाते, व्ही-२ ब्लॉक उडतो आणि व्हेरिफायच नापास होतं. तुमचं पास झालंय, तेव्हा तो संशय नको. (जारसाइनरचा क्रम याच्या बरोबर उलटा होता. जुनी स्क्रिप्ट तशीच ठेवून फक्त टूल बदललं की लोक इथेच फसतात.) अलाइन अजिबातच केलं नाही आणि टार्गेट एसडीके ३० किंवा वर असेल, तर अँड्रॉइड ११ पासून उणे १२४ नंबरचा एरर येतो, कारण रिसोर्सेस एआरएससी फाइल कॉम्प्रेस न केलेली आणि ४ बाइटच्या सीमेवर असावी लागते.

प्रश्नकर्ता

पैज जिंकलात, ठसा अपलोड कीचाच आहे. मग स्टोअरच्या अ‍ॅपवर बसेल अशी एपीके काढायची कुठून? आणि स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये गूगल साइन-इन १० नंबरचा एरर देतं, स्थानिक बिल्डमध्ये चालतं. हे त्याचंच भावंड का?

प्रतिसाद १

सख्खं भावंड. १० म्हणजे डेव्हलपर एरर. फायरबेसमध्ये (गूगलची सेवा, जिथे साइन-इनसाठी अ‍ॅपच्या सहीचा ठसा नोंदवतात) फक्त अपलोड कीचा एसएचए-१ नोंदवलेला असणार. अ‍ॅप साइनिंग कीचाही टाका, आणि डीबग बिल्ड वापरत असाल तर डीबग कीचाही. अ‍ॅप लिंक्स (वेबसाइटच्या दुव्यावरून थेट अ‍ॅप उघडणं) असतील तर सर्व्हरवरच्या असेटलिंक्स जेसनमध्ये अ‍ॅप साइनिंग कीचा एसएचए-२५६ घाला. तिथे ठशांची यादी चालते, त्यामुळे जुना काढायची गरज नाही.

एपीकेसाठी: बंडल कन्सोलवर चढवा, अ‍ॅप बंडल एक्सप्लोररमध्ये ते व्हर्जन उघडा आणि डाउनलोड्समधून साइन केलेली युनिव्हर्सल एपीके घ्या. ती प्लेच्या कीने साइन केलेली असते, स्टोअरच्या अ‍ॅपवर बसते. इंटर्नल अ‍ॅप शेअरिंगच्या लिंकने हे साधणार नाही, तिथे गूगल तिसरीच की वापरतं. इंटर्नल टेस्टिंग ट्रॅक वेगळा, तो चालतो. नावं एवढी सारखी ठेवणाऱ्याला दंडवत.

प्रतिसाद ३

जोड: अ‍ॅप काढून टाकल्यावरही सह्या जुळत नसल्याचा एरर आला तर ते दुसऱ्या यूजरकडे शिल्लक आहे का बघा. वर्क प्रोफाइल, सिक्युअर फोल्डर, ड्युअल अ‍ॅप या सगळ्यांत वेगळा यूजर असतो, आणि सेटिंग्जमधून काढलं की ते फक्त त्या एका यूजरचं जातं. एडीबी अनइन्स्टॉल पॅकेजच्या नावासह चालवा, म्हणजे सगळीकडून निघेल. त्याला के पर्याय लावू नका, त्याने डेटा मागे राहतो.

आणि कीस्टोअर जेडीके (जावाचं डेव्हलपर किट) १७ ने बनवून बिल्ड सर्व्हरवर जुनं जेडीके ८ असेल तर 'एचमॅक पीबीई एसएचए-२५६ उपलब्ध नाही' असा एरर येतो. पासवर्ड चुकलाय असं वाटून लोक तासभर घालवतात. सर्व्हरचं जेडीके वाढवा.

प्रतिसाद २

अपलोड की हरवली तर कन्सोलमधून रीसेट मागता येते, वापरणाऱ्यांच्या फोनवर काही फरक पडत नाही. प्लेबाहेर स्वतःच्या कीने वाटप करत असाल तर ही सोय नाही. तिथे व्ही-३ चं की रोटेशन आहे, अँड्रॉइड ९ पासून: एपीकेसाइनर रोटेटने जुन्या कीकडून नव्या कीला मान्यता देणारी वंशावळ फाइल बनते. पण ती बनवायला जुनी की हातात असावीच लागते, आणि ९ च्या खालच्या फोनसाठी सही जुन्याच कीने करत राहावी लागते.