खानचे युद्ध पुढे ढकलण्याचा अधिकार पटकथाकारांना कोणी दिला?

कृष्णविवर (धागाकर्ता)
'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या स्टार ट्रेक मालिकेत खानचा, म्हणजे जनुके सुधारून घडवलेल्या आणि जगाला युद्धात लोटणाऱ्या हुकूमशहाचा, काळ बदलला म्हणून नाराज असलेल्यांना गोष्ट नको, नुसती सनावळी हवी असते, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ते मला झोंबले, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ मालिकेच्या १९६७ च्या 'स्पेस सीड' या भागात अंतराळजहाजावरचा अधिकारी स्पॉक निःसंदिग्धपणे सांगतो की, खानने १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर सत्ता गाजवली. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' चित्रपटातही १९९६ हेच साल आहे. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'च्या २०२३ च्या भागात मात्र खान एकविसाव्या शतकातल्या टोरोंटोत लहान मूल आहे, आणि कारण काय, तर कालप्रवाशांच्या ढवळाढवळीमुळे सगळे लांबले! ज्या कथाविश्वात आधीचे काहीही असे एका संवादात फिरवता येते, तिथे कोणत्या प्रसंगात जीव गुंतवायचा? ऐंशीच्या दशकात मूळ मालिका दूरदर्शनवर लागायची, तेव्हा माझे वडील आणि मी या युद्धांवर वाद घालत असू. तो काळ आमच्यासमोरचा होता, आणि म्हणूनच त्याची भीती खरी वाटे.

मृण्मयी
तुमच्या शेवटच्या वाक्यातच तुमचे उत्तर आहे. १९६७ च्या प्रेक्षकाला हे युद्ध जेमतेम पंचवीस वर्षांवर दिसत होते. आजच्या मुलीला १९९२ सांगितले, तर तिच्या लेखी तो न घडलेला इतिहास ठरतो आणि स्टार ट्रेकचे जग आपले भविष्य राहतच नाही. शिवाय कथेची सलगता एवढी पवित्र असेल, तर १९८२ च्या चित्रपटात खान जहाजावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो, याचे काय करायचे? चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या सीझनला आणि 'स्पेस सीड' पहिल्या सीझनचा. तरी त्या चित्रपटाला आपण सगळेच डोक्यावर घेतो.

कृष्णविवर
चेकॉव्हची ती नजरचूक आहे. चेकॉव्ह तेव्हा जहाजावरच, पण दुसऱ्या विभागात होता, असे मानले की ती मिटते. इथे ठरवून बदल केला आहे. चूक आणि धोरण यांत फरक असतो.

शतपावली
तुम्ही दोघेही सालांवर अडून बसला आहात आणि माझ्या दृष्टीने खरा अन्याय बाजूलाच राहिला आहे. खान, पूर्ण नाव खान नूनियन सिंग, हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे 'स्पेस सीड'मध्येच म्हटले आहे, आणि जहाजावरची इतिहासकार मॅकगिव्हर्स हिने काढलेल्या चित्रात त्याच्या डोक्यावर पगडी आहे. भूमिका कोणाला मिळाली? मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्दो मोंटालबान यांना. २०१३ च्या चित्रपटात तर ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅच! दिल्लीत माझ्या वर्गातला एक शीख मित्र हा चित्रपट पाहून आला आणि म्हणाला, "आमच्या नावाचा माणूस, पण त्यात आम्ही कुठेच नाही." सलगतेच्या नावाने रडायचे असेल, तर या विसंगतीवर रडा.

मृण्मयी
मोंटालबान यांना कंबरबॅचच्या पंक्तीला बसवू नका. १९६७ च्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर गोऱ्यांपेक्षा बुद्धीने आणि बळाने वरचढ असलेला आशियाई पुरुष दिसणे, हीच मोठी गोष्ट होती, आणि त्यांनी त्याला राजाचा डौल दिला. २०१३ ची निवड मलाही पटली नाही, एवढे मान्य करते.

शतपावली
"मोठी गोष्ट होती" हे ऐकून कान किटले आहेत. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा डोके मुंडवून उभ्या राहिल्या, पण त्यांची आयलिया परग्रहावरची. भारतीय बाईला परग्रहवासी करायचे आणि भारतीय पात्र दुसऱ्याने रंगवायचे, हा कसला न्याय? तुम्हाला हे किरकोळ वाटत असेल, तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

मृण्मयी
मी किरकोळ म्हटलेले नाही. माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नका.

गुरुत्वमध्य
आवाज थोडे खाली घ्या. धागा खानच्या काळाविषयी आहे आणि त्या भागातला मुख्य प्रसंग कोणीच बोलत नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मधली जहाजावरची अधिकारी ला'आन ही खानची वंशज. त्या आडनावापायी तिने जन्मभर लोकांच्या नजरा सोसलेल्या आहेत. टोरोंटोत तिच्यासमोर तो मुलगा उभा असतो. लाखोंचा संहार टाळणे तिच्या हातात आहे, पण त्याला मारले तर तिचे भविष्यही पुसले जाणार. ती त्याला हात न लावता परत फिरते, आणि तोवर दुसऱ्या कालरेषेतून तिच्यासोबत आलेला कर्क तिच्या डोळ्यांदेखत मेलेला असतो. खान १९९२ मध्येच सत्तेवर आलेला असता, तर आजच्या शहरात हा प्रसंग घडला असता का?

कृष्णविवर
प्रसंग उत्तम आहे, हे नाकारणार नाही. खानला मारायला भविष्यातून आलेली आणि ३० वर्षे पृथ्वीवर अडकून पडलेली ती परग्रही रोम्युलन हेर "हे सगळे १९९२ मध्ये घडायचे होते" असे म्हणते, म्हणजे लेखकांनी जुने साल विसरलेले नाही, इतपत श्रेय नाइलाजाने देतो. पण माझा आक्षेप कायम आहे. कालप्रवास हे कारण एकदा चालले की पुढच्या प्रत्येक लेखकाला ते चालेल. उद्या २०६३ चा व्हल्कनांशी, म्हणजे स्पॉकच्या परग्रही जमातीशी, माणसाचा पहिला संपर्कही जवळ आला म्हणून पुढे ढकलतील, तेव्हा मृण्मयीताई, तुम्ही कोणत्या तोंडाने विरोध करणार?

मृण्मयी
करणारच नाही. २०६२ मध्ये कोणी ती मालिका पाहत असेल, तर खुशाल ढकला म्हणेन.

शतपावली
आणि तेव्हा तरी खान एखाद्या शीख नटाला द्या.