आभासी मागावर हात बसेल का?

अक्कलकोट रोड: परवा या मंचावर एका सदस्याने लिहिले की, डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा, चष्मा चढवला की नवखा कामगार आठवडाभरात यंत्रमाग शिकेल आणि जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराची, गरजच उरणार नाही. वाचून राहवले नाही. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षे चादरीचे माग दुरुस्त केले. खडखडाटाचा सूर जरा बदलला तरी आडवा धागा नेणारा धोटा अडकण्याआधीच ते माग थांबवायला लावत. युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ‘इंडस्ट्री ५.०’ ही पुढच्या काळातल्या उद्योगाची कल्पना मांडताना माणूस केंद्रस्थानी असावा, हे पहिले सूत्र ठेवले होते. आपल्याकडे मात्र नुसता चष्मा पोहोचलेला दिसतो.

डिजिटल सोलापूरकर: ते लेखन माझेच. जॉबरविषयीचे वाक्य घाईचे होते, ते मागे घेतो. बाकी एकही शब्द मागे घेणार नाही. बीएमडब्ल्यूने हंगेरीतील डेब्रेत्सेनचा कारखाना मार्च २०२३ मध्ये संगणकावर आभासी रूपात चालू केला, तेव्हा प्रत्यक्ष उत्पादनाला दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. मांडणीतली चूक संगणकावर सापडली तर पाया फोडावा लागत नाही आणि शिकाऊ मुलाची चूक चष्म्यात झाली तर त्याचे बोट जात नाही. वडिलांच्या कानाचे कौतुक जरूर करा. पण त्या खडखडाटात राहून त्यांना आज किती ऐकू येते, तेही सांगा.

अक्कलकोट रोड: वडिलांपर्यंत जाण्याचे काही कारण नव्हते. होय, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही.

पूर्वभागातली: आपण दोघे कानांवर भांडत आहात, म्हणून मजुरीचे विचारते. माझा भाऊ ज्या कारखान्यात आहे तेथे गेल्या वर्षी हे चष्मे आले. सूचना इंग्रजीत, शिकवणारा हिंदीत बोलणारा आणि शिकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तेलुगू. चार दिवस प्रशिक्षण चालले. त्या दिवसांत माल निघाला नाही, म्हणून मजुरीही नाही. नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाला शिकवण्याचा खर्च त्याच्याच खिशातून काढायचा आणि वर तंत्रज्ञान माणसासाठी आहे म्हणायचे?

टॉवेलवाला: मालक म्हणजे राक्षस, हे येथे ठरलेलेच आहे! आमच्याकडून उचल घेऊन महिन्याभरात दुसऱ्या शेडमध्ये गेलेल्यांची वही दाखवू का? ज्याला मी शिकवायचे तो शेजाऱ्याच्या मागावर उभा राहणार असेल, तर शिकवण्याच्या दिवसांची मजुरी मी एकट्याने का सोसावी?

पूर्वभागातली: उचल फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही, हे त्याच वहीत कोठे लिहिता? आणि चष्मे घेताना कामगार पळून जाईल, ही भीती वाटली नाही. ती फक्त मजुरीच्या वेळी आठवली.

टॉवेलवाला: ठीक आहे, आपण अर्थतज्ज्ञ, आम्ही अडाणी. प्रशिक्षणाच्या दिवसांना ठरावीक मजुरी द्यावी, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण सगळ्या मालकांनी एकदम दिली तरच.

होटगीचा इंजिनिअर: पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या उन्हाळ्यात तो चष्मा अर्धा तास घालून पाहा. डोळे सांगतात आपण चाललो आहोत, आतला कान सांगतो उभे आहोत. त्या विसंगतीने मळमळते. शिवाय गूगलने कारखान्यांसाठीचा चष्मा मार्च २०२३ मध्ये विकणे थांबवले आणि मायक्रोसॉफ्टने ‘होलोलेन्स २’ या तशाच चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले. सुटा भाग कोणाकडे मागणार?

डिजिटल सोलापूरकर: १८०४ च्या जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रालाही फ्रान्समधल्या ल्योंच्या विणकरांनी विरोध केला होता आणि आज त्याच्याच वंशजावर आपल्या चादरीची नक्षी उतरते. अर्थात जकार्ड घातल्याने कोणाला मळमळत नव्हते, एवढे कबूल.

अक्कलकोट रोड: काल भाच्याचा व्हिडिओ गेमचा व्हीआर चष्मा वडिलांना लावून दिला. डावा कान गेल्यापासून ते मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून बिघाड ओळखत. त्यांनी हवेत हात पुढे केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि विचारले, “याचा थरथराट कुठे आहे?” मुलांना धोक्याच्या जागा दाखवायला मात्र हे बरे, असेही म्हणाले. त्यांचे म्हणणे आहे, म्हणून लिहिले. माझे अजून तसे मत नाही.

डिजिटल सोलापूरकर: थरथराटाचे मान्य. वडिलांना नमस्कार सांगा, मघाशी मी जास्त बोललो.

पूर्वभागातली: त्या चार दिवसांची मजुरी अजून आलेली नाही.