मदत हवी आहे: 20 वर्षांनी पुन्हा विंडसर्फिंग, बोर्ड कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वय 51, वजन 84 किलो. नोकरीसाठी मुंबईत होतो तेव्हा विंडसर्फिंग करायचो. तेव्हाचा बोर्ड साडेतीन मीटरहून लांब, अरुंद, खाली डॅगरबोर्ड (बोर्ड वाऱ्याने बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात उतरणारी फळी). परवा माळ्यावरून जुनं शीड काढलं, तर उलगडतानाच त्याची पारदर्शक खिडकी घडीवर तडकली. आता सगळं नवीनच घ्यायचंय.

हल्लीचे बोर्ड आखूड आणि रुंद, मोजमाप लिटरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आकारमानात. माझ्या वजनाला 150 लिटर पुरेल की 180 घेऊ? आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर वारा जरा जोर धरतो, एरवी मंदच. म्हणून डॅगरबोर्डवाला मोठा बोर्ड आणि साडेसहा चौरस मीटरचं शीड, असा माझा कल आहे.

फॉइलचा (बोर्डाखाली दांडीवर बसवलेल्या, बोर्डाला पाण्याबाहेर उचलणाऱ्या पंखाचा) मोहही सुटत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगच्या शर्यती फॉइलवरच झाल्या; हलक्या वाऱ्यातही बोर्ड पाण्यावर उचलला जातो. पण फॉइलची दांडी जवळजवळ मीटरभर खाली जाते. काठाजवळ पाणी उथळ, अंबाझरी तलावात तर जलपर्णी. अडकणार नाही का? रामटेकजवळ खिंडसी तलावावर कोणी शीड लावून पाहिलंय का? तिथे पाणी किती खोल मिळतं, कृपया सांगा. पुन्हा पाण्यात उतरायची फार ओढ लागली आहे.